आधी कसे होते?

माणसाचा स्वभाव कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो, हे कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर मला देवळाली प्रवरेच्या एका डॉक्टरांकडून मिळाले. त्या ऋणापोटी हे लिहितो आहे.

मन बिघडलेला रुग्ण आला की ते स्टेथोस्कोप खणात ठेवीत, नातेवाइकांसाठी स्टूल पुढे ओढीत आणि विचारीत, "आधी कसे होते?" आता काय होते आहे, हे त्यानंतर.

माझे थोरले बंधू अण्णा कालव्यावर पाटकरी होते. रात्री-अपरात्री उसाला पाणी सोडण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. बहात्तरच्या दुष्काळात पाट कोरडा पडला, तरी ते रात्री उठून पाटावर जात आणि एकटेच बोलत. वेड लागले, असे सर्वांनी ठरवले. त्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचे, म्हणून वळकटीही बांधून झाली. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती.

आम्ही त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. अण्णा भिंतीकडे पाहत बसले. डॉक्टरांनी विचारण्याआधीच वहिनी सांगू लागल्या, "रातचं उठत्यात, डॉक्टरसाहेब."

"पाटकरी रात्री उठणारच. आणखी?"

"एकटंच बोलत्यात."

"आधी कसे होते?"

"तवाबी बोलायचे. पान्याला शिव्या द्यायचे."

वहिनींचे भाऊ सोबत होते. ते म्हणाले, "म्हंजे दाजी पयल्यापासनंच येडे, असं म्हना की."

डॉक्टर हसले. "घरात भांडतात का?"

"न्हाई. उलट लई सुधारल्यात," वहिनी समाधानाने म्हणाल्या. "आदी माज्या चहाला रोज नावं ठेवायचे. आता देईल तसा पित्यात. न्हाई दिला तरी मागत न्हाईत."

चष्मा पुसणारा डॉक्टरांचा हात थांबला.

"ताई, रात्री उठणं हे त्यांचं काम. एकटं बोलणं हा स्वभाव. चहाला नावं न ठेवणं, हा आजार आहे. त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालंय. गुरुजी, वळकटी सोडा. उपचार इथंच करू."

मी शिक्षक, मला ते तत्काळ उमगले. वेड्यावाकड्या अक्षराच्या मुलाने तसेच लिहिले तर आपण थबकत नाही. सुरेख अक्षराचा मुलगा तसे लिहू लागला, की थबकतो.

औषधे सुरू झाली. अण्णा रोज दवाखान्यात जात. डॉक्टर त्यांच्याशी पाटाच्या गोष्टी बोलत. हिवाळ्याच्या एका सकाळी वहिनींनी कप पुढे ठेवला. अण्णांनी घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"ह्यो चहा हाय का म्हशीचं आंबोन?"

वहिनी चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ डोळे पुशीत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडे किटलीभर चहा पाठवला. डॉक्टरांनी निरोप धाडला, "अण्णांचं बरोबर आहे."

आता डॉक्टर नाहीत. दवाखान्याच्या जागी कापडाचे दुकान आहे. त्यांचे स्टूल तेथे गिऱ्हाइकांना बसायला देतात.

माझे म्हणणे तसेच स्वीकारू नये. आपल्या घरातील एखादे माणूस अलीकडे फार शहाण्यासारखे वागू लागले असेल, तर ते आधी कसे होते हे आठवावे आणि आपले आपण पडताळून पाहावे, ही विनंती.