मुदतसाहेब आणि भाऊंचा गॉगल

महापालिकेच्या फलक-परवाना खात्यातले मुदतसाहेब लग्नाला गेले तरी आधी कमानीची उंची बघत, मग परवान्याची तारीख, आणि वेळ उरलाच तर नवरा-नवरी. आख्खं नाशिक फलकांवरची अक्षरं वाचायचं. हा एकटा गृहस्थ कोपरा वाचायचा. खाली उजवीकडे परवाना क्रमांक आणि मुदत लिहिलेली नसेल, तर त्यांच्या लेखी तो फलक म्हणजे वाळत घातलेलं धोतर. त्यांची लुना दिसली, की पंचवटीपासून सातपूरपर्यंतचे दुकानदार दोऱ्या सोडायला धावत.

माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान. खरा धंदा जूनच्या पंधरा दिवसांत, बाकी साडेअकरा महिने आम्ही माश्या मारतो. सिंहस्थाच्या आदल्या वर्षी नेमका मे अखेरीस आमचा रस्ता खणला. खड्डा असा, की कान लावला तर पाताळातली भांडणं ऐकू यावीत. गिऱ्हाईक कोपऱ्यावरूनच परत जाऊ लागलं. हा जून हातचा गेला, तर शटर कायमचं खाली. म्हणून 'दुकान चालू आहे' असा कापडी फलक रंगवून घेतला आणि कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला बांधला.

तासाभरात मुदतसाहेब हजर. "झाडाला बांधता येत नाही."

खांबाला बांधला. "विजेच्या खांबाला तर नाहीच नाही."

हातगाडीवर उभा केला. "हा फिरता फलक. त्याचा अर्ज वेगळा."

"साहेब, गाडीची चाकं चिखलात रुतलीत. फिरेल कशी?"

"मग रहदारीला अडथळा. त्याचा अर्ज आणखी वेगळा."

हे बोलताना माणूस हसेल तर शपथ! फलक उतरवून, पैठणीसारखी घडी घालून त्यांनी माझ्या हातात ठेवला. रीतसर अर्ज केला, तर म्हणे मंजुरी जुलैत.

"तोवर पोरं शाळेत उघडी जातील का?"

"त्याबद्दल नियमात काही नाही."

दोन दिवसांनी कळवणकडचे माझे जुने गिऱ्हाईक, तात्या, घामाघूम होऊन आले. "शेठ, तीन चकरा मारल्या. तुमची पाटीच दिसत नाय. लोकं म्हणती, दुकान गेलं."

पाटी दिसणार कशी? तिच्यासमोर आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचा, भाऊंचा, वाढदिवसाचा नवाकोरा फ्लेक्स उभा होता. भाऊंचा नुसता गॉगल माझ्या शटरएवढा!

माझं टाळकं सरकलं. भर रस्त्यात साहेबांना गाठून ओरडलो, "गरिबाची चिंधी दिसते, आणि भाऊंचं तंबूएवढं तोंड दिसत नाही? का तिथं टेप पुरत नाही?"

साहेब रागावले नाहीत. लुना स्टँडला लावली, फ्लेक्सचा कोपरा वाचायला गेले. वाचण्यासारखं काही नव्हतंच. मागून गाडीतून आलेल्या पालिकेच्या दोन कामगारांना म्हणाले, "उतरवा." दोघांनाही एकदम तंबाखू मळायची आठवण झाली. मग पन्नाशी उलटलेला तो माणूस स्वतः शिडीवर चढला. मी शिडी धरली.

"साहेब, भाऊंना आधी कळवलं असतं..."

"मालक असेल तो परवाना घेऊन येईल," वरून आवाज आला.

त्या जूनमध्ये गिऱ्हाइकांनी फळ्या टाकून खड्डा ओलांडला. दुकान तरलं. साहेबांची मात्र आठवड्यात बदली झाली, जन्म-मृत्यू नोंदणीत. नवे साहेब दिलखुलास. "लावा हो शेठ, सगळेच लावतात!" सगळ्यांनी लावले. कोपऱ्यावर इतके वाढदिवस, इतक्या निवडी, इतके हात जोडलेले कार्यकर्ते झाले, की माझी पाटी मलाच सापडेना.

साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी भेटायला गेलो. ओशाळून म्हणालो, "माझ्यामुळं इथं आलात."

"छे. भाऊंचा फ्लेक्स लागल्यापासून मी त्या कोपऱ्यावर मान खाली घालून जात होतो," ते टेबल आवरत म्हणाले. "तुम्ही ओरडलात, म्हणून वर बघावं लागलं." मग थांबून, "आता कसा आहे कोपरा?"

सांगितलं.

"तक्रार दिलीत?"

"कोण ऐकतंय, साहेब?"

"ऐकणं त्यांचं काम. आपण पोच घ्यायची." आणि निरोपाचा हार गळ्यात असताना या माणसाने मला तक्रारीचा मजकूर सांगितला. दोनदा खोडायला लावून!

साहेब देवाघरी जाऊन आता दोन वर्षं झाली. मी दर सोमवारी अर्ज घेऊन कचेरीत जातो. परवा खिडकीतला कारकून शेजाऱ्याला म्हणाला, "आला रे बाबा! डोकं खाणार आता."

आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव पदवी. ती मी मान ताठ ठेवून स्वीकारली, आणि पोचेवर शिक्का मागितला.