ठकूचा चौथा विषय

रुग्णालयाच्या मधल्या लिफ्टमध्ये एक लाकडी स्टूल आहे. त्या स्टुलावर गेली एकोणीस वर्षं जो गृहस्थ बसतो, त्याला सगळे लिफ्टकाका म्हणतात. नर्सबाई म्हणतात, झाडूवाल्या मावशी म्हणतात, एवढंच कशाला, वयाने चांगले बारा वर्षांनी मोठे असलेले हाडांचे डॉक्टरसुद्धा "काय लिफ्टकाका?" म्हणूनच आत शिरतात. काकांची हरकत नाही. लिफ्ट जुनी, हाताने ओढायच्या जाळीची, आणि चाल अशी संथ की तळमजल्यावरून पाचव्यावर जायला तिला बेचाळीस सेकंद लागतात. काकांनी मोजलेत.

बेचाळीस सेकंदांत काय होतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, पुष्कळ होतं! नात झाल्याची बातमी सांगून होते, सासूची तक्रार करून होते. एखादा माणूस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसून घेतो, आणि तेवढा वेळ काका मजल्यांच्या आकड्यांकडे असे टक लावून बघतात, जणू आज तिसऱ्यानंतर थेट सहावाच येणार आहे. माणूस मनाने चांगला, यात वाद नाही. पण एक खोड होती. सगळं आपल्याला माहीत, असा त्यांचा ठाम समज. रक्त कुठे द्यायचं, कुठला डॉक्टर गोड बोलतो, कुठला अंगावर येतो, हे कुणी विचारायच्या आधीच काका सांगून मोकळे. 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस त्या इमारतीत शोधूनही सापडला नसता.

तर अशा माणसाच्या घरी विषय निवडायचा फॉर्म आला.

ठकू ही काकांची एकुलती एक लेक. शाळेच्या हजेरीपटात तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ठकू ती ठकूच. आठ वर्षांची असताना बाबांचा विसरलेला डबा द्यायला रुग्णालयात आली आणि परत जाताना सांगून गेली, "मी इथे डॉक्टर होणार." तेव्हापासून तेच. आता शाळेची शेवटची दोन वर्षं उरली होती आणि त्यासाठी चारच विषय निवडायचे होते. बायोलॉजी, फिजिक्स आणि गणित यांबद्दल प्रश्नच नव्हता, तिन्हीत ती पुढे होती. घोडं अडलं होतं चौथ्यापाशी. चित्रकला घ्यायची की केमिस्ट्री?

चित्रकलेत पोरीचा हात असा, की तिने काढलेलं मनगटाचं हाड बघून हाडांच्या डॉक्टरांनी तो कागद न विचारता खिशात घातला होता. आणि केमिस्ट्रीत गुण होते एकावन्न. तेही कसेबसे.

"बाबा, डॉक्टर व्हायला केमिस्ट्री लागतेच का?" ठकूने जेवताना विचारलं. मान ताटातच होती.

"उद्या सांगतो," काका म्हणाले. "अख्ख्या रुग्णालयाचे डॉक्टर माझ्या लिफ्टमधून जातात."

ठकूची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. केसाएवढा फरक राहिला तर गिऱ्हाईक ठेचकाळतं, त्यामुळे अंदाजपंचे बोलणं तिला खपत नाही. ती म्हणाली, "अहो, शाळेत केमिस्ट्रीचे सर आहेत, त्यांना विचारा की. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?"

"सर कुठे डॉक्टर झालेत?" काकांनी तिला उडवून लावलं.

सोमवारपासून चौकशी सुरू झाली. जाळी बंद झाली रे झाली की प्रश्न तयार. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "पोरीला सुतारकाम शिकवा, आमच्याकडे तेच चालतं." लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोष्टी सांगता आल्या पाहिजेत, बाकी सगळं येतं आपोआप. भूल देणारे डॉक्टर गणित, गणित म्हणत चौथ्यावर उतरले. त्वचेच्या डॉक्टरांनी तर उलट काकांनाच विचारलं, माझा मुलगा गायक व्हायचं म्हणतोय, मी काय करू? रोग्यांबद्दल म्हणतात ना, व्यक्ती तितक्या प्रकृती, ते डॉक्टरांनाही लागू आहे हे काकांना तीन दिवसांत कळलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मोठे सर्जन आले. हा माणूस शब्द मोजून बोलणारा. काकांनी पहिल्या मजल्यालाच विचारलं, "साहेब, डॉक्टरकीला केमिस्ट्री लागते का हो?"

सर्जन जरा हसले. तिसरा मजला गेला, चौथा गेला. मग म्हणाले, "काका, कॉलेज सोडल्यापासून मी केमिस्ट्रीचं तोंड पाहिलेलं नाही. पण..."

पाचवा मजला आला. बाहेर स्ट्रेचर उभं होतं, दोन नर्सबाई हाका मारत होत्या, आणि साहेब निघून गेले.

घरी गेल्यावर काकांनी सर्जनचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, फक्त 'पण' गाळून. "तीस वर्षं ऑपरेशनं करतोय तो माणूस, आणि केमिस्ट्रीचं तोंड पाहिलेलं नाही! बोल आता!" सुंठीवाचून खोकला गेला म्हणून स्वारी भलतीच खूश. ठकूने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली. शुक्रवारी चौथ्या रकान्यात चित्रकला लिहून तिने फॉर्म दिला.

पुढच्या बुधवारी लिफ्टची दोरी बदलायला माणसं आली. लिफ्ट बंद, आणि काकांना जिन्यात तिसऱ्या मजल्यावर उभं केलं, चढून दमलेल्यांना खुर्ची द्यायला. तिथे त्यांना एक नवीच दुनिया दिसली. शिकाऊ डॉक्टर! लिफ्ट रोग्यांसाठी आणि मोठ्या डॉक्टरांसाठी, त्यामुळे ही पोरं रोज जिन्यानेच पळायची. एकोणीस वर्षांत काकांची आणि त्यांची धड ओळख झाली नव्हती. त्यांच्यातली एक मुलगी बुटाची नाडी बांधायला थांबली, आणि काकांना राहवेना.

"माझी मुलगीही होणार बरं का डॉक्टर. विषय घेतलेत. बायोलॉजी, फिजिक्स, गणित आणि चित्रकला."

मुलीने नाडी तशीच सोडली. "केमिस्ट्री?"

"नाही लागत. मोठ्या साहेबांनीच सांगितलंय."

"काका, त्यांना रोजच्या कामात लागत नसेल. पण शाळेत केमिस्ट्री नसेल तर मेडिकलचा अर्जच घेत नाहीत. मी चार वर्षांपूर्वीच भरलाय ना! बाकीचं काहीही चालवून घेतील, हे नाही." काकांचा चेहरा बघून ती घाबरलीच. "तुम्ही बसा. त्या खुर्चीत तुम्हीच बसा आधी."

काका बसले नाहीत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, डोक्यावरची टोपीही न काढता, ते तडक शाळेत गेले.

केमिस्ट्रीचे सर प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन उपड्या घालत होते. काकांनी सगळं सांगितलं, स्वतःला चार शिव्याही घातल्या. "चूक माझी आहे, सर. पोरीला काय माहीत? तिला मीच सांगितलं."

सरांनी हात पुसले. "तिला माहीत आहे," ते म्हणाले. "मी वर्गात तीनदा सांगितलंय. मेडिकलला जायचं असेल तर केमिस्ट्री सोडू नका. तिसऱ्यांदा तर मी तिच्याकडे बघून सांगितलं. पहिल्याच बाकावर बसते ती."

काका डोक्याला हात लावून बाकावर टेकले तसे सर म्हणाले, "विषय बदलता येतो, पुढच्या शनिवारपर्यंत. पण या वर्गाला साठ गुण लागतात आणि तिचे एकावन्न आहेत. शनिवारी सकाळी पुन्हा चाचणी घेईन. त्यात साठ मिळाले तर घेतो, नाही मिळाले तर माझा नाइलाज आहे. आणि अर्ज तिचा तिने करायचा. तुम्ही नाही."

घरी पोचेपर्यंत काकांचा पारा चढला होता. चढणारच! ठकू टेबलाशी बसून चित्र काढत होती, आई नुकतीच कामावरून येऊन पाय धूत होती.

"सरांनी तीनदा सांगितलं होतं?" काका दारातूनच गरजले.

पेन्सिल थांबली. "हो."

"मग मला का नाही बोललीस? मी आपला येडपटासारखा मजल्यामजल्यावर विचारत सुटलोय! सगळ्या इमारतीत हसं झालं माझं!"

"कारण तुम्ही नाही लागत म्हणालात," ठकू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मला तेच ऐकायचं होतं, बाबा. केमिस्ट्री घेतली आणि नाही जमली, तर दोन महिन्यांत सगळ्यांना कळेल की ठकू काही डॉक्टर होत नाही. नाही घेतली तर निदान दोन वर्षं मला सांगता येईल ना, की मी डॉक्टर होणार आहे."

आई पाय पुसता पुसता हळूच म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

ठकू रडायला लागली. काकांचा राग कुठल्या कुठे गेला. ते पलंगावर बसले, एक बूट काढला आणि दुसरा पायात तसाच ठेवून म्हणाले, "साहेब 'पण' म्हणाले होते."

"कोण साहेब?"

"सर्जन. तोंड पाहिलेलं नाही, पण... असं म्हणाले होते. पुढचं ऐकायच्या आत मजला आला. रोज साडेनऊला येतात ते. शुक्रवारी सकाळी, तू फॉर्म द्यायच्या आधी, माझ्या शेजारी उभे होते. मी विचारलं नाही." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मुद्दामच नाही विचारलं. पुढे काय असणार ते मला कळत होतं. तू नापास होऊन घरी आलीस तर मला ते बघवणार नाही, असं वाटलं. तुझ्यापेक्षा मीच जास्त भ्यालो, ठकू."

ठकूने नाक पुसलं. "तुम्हाला वाटतं मला जमणार नाही?"

काकांनी दुसराही बूट काढला. आता खोटं सांगवेना आणि खरं ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

कशी कोण जाणे, पण त्या उत्तराने पोरीला धीर आला. जमेल गं, हुशार आहेस तू, असं म्हणणारे ढीगभर होते आणि त्यांच्यापुढे पडायची तिला लाज वाटायची. ती म्हणाली, "मग बघू या की," आणि चित्राची वही मिटून कपाटावर ठेवून दिली.

ते दहा दिवस घरात केमिस्ट्रीशिवाय दुसरं काही नव्हतं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तक हातात धरून ती प्रश्न विचारायची आणि उत्तरातला एकेक शब्द पुस्तकाशी ताडून बघायची. "इथे दोन लिहिलाय, तू तीन म्हणालीस. परत!" ठकू वैतागायची, चिडायची, एकदा तर पुस्तक भिरकावलंसुद्धा. आईने ते उचललं, झटकलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. काका सल्ला द्यायला तोंड उघडायचे आणि बायकोची नजर बघून पाणी प्यायचे.

शनिवारी चाचणी झाली. काका प्रयोगशाळेच्या बाहेर भिंतीला टेकून उभे. तासाभराने सरांनी दोघांना आत बोलावलं. पेपर त्यांनी तिथेच तपासला होता, आणि बेरीज पुन्हा एकदा करत होते.

"चौसष्ट," सर म्हणाले. "काठावर आहेस. पण काठाच्या अलीकडे."

काकांनी जे काही तोंडातून काढलं त्याला शब्द म्हणता येणार नाही. ठकू मात्र नुसती हसली, आणि ते हसू तिला आवरता येईना.

सरांनी विषय बदलायचा अर्ज पुढे सरकवला. सोडलेला विषय: चित्रकला. घेतलेला विषय: रसायनशास्त्र. खाली एक रकाना होता, कारण. ठकू पेन धरून थांबली.

काका झुकून तिच्या कानाशी कुजबुजले, "लिही, चुकून राहून गेला."

"चुकून नाही राहिला, बाबा," ती म्हणाली, चांगली सरांना ऐकू जाईल अशी. आणि तिने लिहिलं: भीती वाटली म्हणून घेतला नव्हता. अजूनही वाटते. तरी घ्यायचा आहे.

काकांना वाटलं, संपलं, आता हे परत देणार. सरांनी ते वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मग खाली सही करून कागद फाइलला लावला.

"सोमवारी सव्वाआठला वर्ग आहे," ते ठकूला म्हणाले. "पहिल्याच दिवशी बर्नर पेटवायचाय. केस घट्ट बांधून ये."