अर्ध्या दिवसाची छत्रीवाली

"अर्धाच दिवस घ्या हो. पूर्ण दिवसात पाय दुखण्यापलीकडे काही नाही."

जुन्या शहराच्या वेशीबाहेर, सहल कंपनीच्या टपरीसमोर उभी राहून छत्रीवाली येईल त्याला हेच ऐकवायची. कंपनीच्या सहली दोन. अर्ध्या दिवसात वेस, बुरूज, मोठा चौक आणि तळं. जेवायच्या वेळेला माणसं परत बसमध्ये. पूर्ण दिवसात हे सगळं, वर दुपारी आतल्या गल्ल्या आणि सगळ्यात शेवटी 'शेवटच्या बाईचं घर'. बाकीचे गाइड पूर्ण दिवसासाठी एकमेकांच्या उरावर बसायचे. ही एकटीच उलट्या डोक्याची. पिवळी छत्री उंच धरून माणसं हाकायची, म्हणून छत्रीवाली. आवाज असा, की बुरुजावरची कबुतरं उडावीत. मॅनेजर असो की पोलीस, कुणाला भीक घालायची नाही.

भ्यायची ती त्या एका घराला. ते घर तिचंच होतं.

त्या गल्लीत तिचा जन्म. पुढे शहरावर 'ऐतिहासिक' असा शिक्का बसला आणि राहत्या माणसांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. दगड मौल्यवान ठरले, माणसं अडचण ठरली. कुणी बोंबाबोंब केली, कुणी मुकाट निघालं. छत्रीवालीच्या आईने दाराची कडी दोन्ही हातांनी अशी धरली होती, की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. सगळ्यात शेवटी रिकामं झालं ते तिचं घर. मग मायलेकी गावाबाहेरच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या.

"गल्ल्या तोंडपाठ आहेत तुला, ये कामाला," असं मॅनेजर म्हणाला तेव्हा तिने राग गिळला आणि छत्री हातात घेतली. पोट होतं, आई होती.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजर त्या घरातून फेरी मारून आला. "घर बरंय, पण गोष्ट नाही त्याला. असं सांग, की घर सोडायला नको म्हणून म्हातारीने याच पलंगावर प्राण सोडला."

"अहो, ती म्हातारी माझी आई आहे! आज सकाळीच भांडलीये माझ्याशी."

"मग काय झालं? गोष्टीने कुणी मरतं का?"

तिलाही ते पटलं. तिने गोष्ट सांगितली आणि झकास सांगितली. बाया डोळे पुसत बाहेर पडल्या. घरी येऊन तिने आईला सांगितलं तर म्हातारी खो खो हसली. "मला मारलंस आणि वर चहा पिऊन आलीस होय गं?"

मग कधीतरी आईला घरी येऊन तपासणारी दवाखान्याची नर्स रस्त्यात भेटली. "येऊन गेले तुमच्याकडे. दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं."

आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. दिवसभर.

"आंधळी झालीये ती मेली," असं आई म्हणाली आणि विषय तिथेच संपला. पण पुढच्याच पूर्ण दिवसाच्या सहलीनंतर समोरची शेजारीण म्हणाली, "एकटीने राहायचं म्हणजे कठीणच. झोपायला येत जा माझ्याकडे."

"एकटी कशी? ही काय आई बसलीये."

शेजारणीने खुर्चीकडे पाहिलं. लहान पोराची समजूत काढावी तशी हसली. "हो, हो. आहे की."

आई तिच्यापासून हातभर अंतरावर लेकीच्या कुर्त्याला बटण लावत होती. तिने सुई थांबवली आणि लेकीकडे पाहिलं.

वसाहतीच्या जिन्यात आपोआप लागणारे दिवे होते. पायरीवर माणूस आलं की दिवा लागायचा. मांजर आलं तरी लागायचा. त्या संध्याकाळी छत्रीवाली वर कठड्याशी उभी होती आणि आई खालून चढत होती. चपलांचा आवाज येत होता, धाप ऐकू येत होती. मजल्यामागून मजला म्हातारी अंधारातच वर आली. दिवा लागला नाही.

तेव्हा छत्रीवालीच्या ध्यानात सगळं आलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पूर्ण दिवस सोडला. अर्ध्या दिवसाची सहल त्या घरापर्यंत जातच नाही. ना घर, ना पलंग, ना ते वाक्य. हळूहळू आईचे गार पडलेले पाय पुन्हा उबदार झाले. शेजारीण आईशी पुन्हा पाण्यावरून भांडायला लागली. जिन्यातला दिवा आधी मिणमिणत, मग धडपणे लागायला लागला. बाकीचे गाइड तो पलंग दाखवतच होते, पण त्यांच्या सांगण्याने आईला काही होत नव्हतं. पोटच्या पोरीने सांगितलेलंच ऐकणाऱ्यांना खरं वाटायचं, आणि खरं वाटलं की लागायचं.

असं बरंच चाललं असतं. पण मॅनेजरने तिला टपरीत बोलावलं.

"अर्धा दिवस बंद. उद्यापासून एकच सहल, पूर्ण. तुझी गोष्ट लोक अजून विचारतात. करणार असशील तर ये, नाहीतर छत्री टेबलावर ठेव."

"दुसरी गोष्ट सांगते."

"तीच सांगायची. मी स्वतः येणार आहे ऐकायला."

घरी आई म्हणाली, "जा गं. काम गेलं तर खायचं काय? मला काय धाड भरलीये?" पण बोलताना तिने लेकीची ओढणी मुठीत धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात ती माणसं घेऊन आतल्या गल्लीत शिरली. घरात गारवा होता. माणसं पलंगाभोवती गोळा झाली. मॅनेजर उंबऱ्यावर दाराला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून.

तिने चूल दाखवली, कोनाडा दाखवला, खिडकी दाखवली. दाखवायला काही उरेना.

"आता पलंग," मॅनेजर म्हणाला.

"या पलंगावर..." ती पलंगावरची चादर सारखी करू लागली.

तेवढ्यात लाल टोपीवाली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "या आजीबाई पण कंपनीच्याच का रे? कसल्या हुबेहूब उभ्या केल्यात!"

"कुठल्या आजी?" छत्रीवालीने विचारलं.

"अहो, त्या काय. यांच्या पाठीमागे. दाराची कडी धरून उभ्या आहेत, दोन्ही हातांनी."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या. पाहुण्यांना ती दिसत होती. मॅनेजरने गर्रकन मागे पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. छत्रीवालीलाही नाही. तिला नुसतं दार दिसलं, आणि वारा नसताना ताणून धरल्यासारखी आडवी राहिलेली कडी.

"बोटं केवढी पांढरी पडलीयत त्यांची," कुणीतरी हळूच म्हणालं.

मॅनेजरचा चेहरा उतरला होता, पण धंदा रक्तात भिनलेला. "हीच ती! इथेच वारली! सांग की गं, सांग."

छत्रीवालीने छत्री जमिनीवर आपटली. "वारली नाही! माझी आई आहे ती, जिवंत आहे! या दारातून ओढून काढली तिला, आणि मी पोटासाठी रोज दुपारी तिला इथे मारत राहिले. आई, सोड ती कडी. चल घरी."

कडी खणकन खाली पडली.

माणसं बाजूला झाली, वाट द्यावी तशी. लाल टोपीवालीने रिकाम्या हवेत हात पुढे केला. "सांभाळून हं आजी, पायरी आहे."

छत्रीवाली बाहेर धावली. मागून मॅनेजरचा आवाज आला. पाहुण्यांसमोर हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. "तुम्हाला दिसली ना ती छत्रीवाली? तीही इथलीच. कधीच गेली बिचारी. अजून येते अधूनमधून."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते खरं वाटलं.

वसाहतीत पोचली तेव्हा सांज झाली होती. ती जिना चढू लागली. पहिला मजला, दिवा लागला नाही. दुसरा, नाही. तिने पाय आपटले, छत्री हलवली. अंधार तसाच.

वर दार वाजलं. चौथ्या मजल्यावर लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात आई उभी. चपलांवर जुन्या गल्लीची पांढरी धूळ. ती खाली वाकून बघू लागली.

"कोण गं तिथे? कोणी आहे का?"

"मी आहे!" छत्रीवाली अशी ओरडली, की मजल्यामजल्यावरची दारं उघडली. "आई, मी आहे! जिवंत आहे!"

म्हातारी अंधार चाचपत खाली आली. हाताला लेकीचं मनगट लागलं तसं तिने ते दोन्ही हातांनी गच्च धरलं, एके काळी कडी धरली होती तसं. बोटं गरम होती. दोघींच्या डोक्यावरचा दिवा फडफडला आणि लागला.

आता वेशीबाहेर, कंपनीच्या टपरीसमोर, दोन खुर्च्या असतात. कंपनीने त्या उचलायला माणसं पाठवून पाहिली. छत्रीवाली येणाऱ्याजाणाऱ्याला अडवते. "सहल घ्या नाहीतर नका घेऊ, तुमची मर्जी. पण आत जायच्या आधी आम्हा दोघींना नीट बघून घ्या. आणि आत कुणी काही भलतंसलतं सांगितलंच, तर जाताना इथे थांबून आम्हाला हाक मारा."

काही जण थांबतात. पूर्ण दिवसाची बस परत येते तेव्हा आई लेकीचं मनगट धरून बसलेली असते, आणि हाक येईपर्यंत सोडत नाही.