आसांदे

कोणी काही टाकून द्यायला निघालं की काका उजव्या हाताची दोन बोटं टेबलावरून किंचित उचलत आणि म्हणत, "आसांदे." आमच्या मालवणीत या शब्दाला फारसं वजन नाही. असू दे, एवढाच अर्थ. ताटात जास्त पडलेल्या भाताला म्हणतात, अंगणात शिरलेल्या शेजारच्या कोंबडीला म्हणतात. त्यांच्या तोंडी मात्र तो निकाल असे.

मालवणजवळच्या कट्टा गावी, बाजारातल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. काका-काकींचं घर वाचनालयाच्या मागे, मध्ये फक्त चिऱ्यांची बुटकी भिंत, आमचा गडगा. ते जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. संदेश उपग्रहावरून जाऊ लागले आणि त्या हुद्द्याची गरज संपली, तसे ते घरी आले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तक्रार न करता.

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला, तो फोनच्या तारेला जोडला, आणि रोज दुपारी तीन ते पाच जगभरच्या लोकांबरोबर काम करू लागले. कसलं काम, ते गावात कोणाला कळत नसे. त्या दोन तासांत फोन लागत नाही म्हणून काकींची मालवणची बहीण त्यांच्यावर कायमची रुसलेली होती.

मला कळलं ते इतकंच. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची एक प्रणाली आहे, तिच्यातले हजारो प्रोग्रॅम सुटे सुटे तयार होतात. ते एकमेकांशी जुळवून, नीट बांधून, एका संचात देणारी मंडळी असतात. त्या संचाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. अशाच एका लहान संचात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची जबाबदारी यांच्याकडे होती. भाषेची नवी आवृत्ती निघे, पण जुन्या आवृत्तीत लिहिलेलं तिच्यावर चालेलच असं नसे. म्हणून ते तीन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदवत.

"भांडत नाय ती एकमेकांत?" मी एकदा विचारलं.

"आपल्या वाडीत बाबले किती?"

"तीन."

"नुसता 'बाबल्या' म्हणान हाक मारलंस तर ओ कोण देता?"

"दुकानवालो."

"दुसरो होयो तर?"

"पुरा नाव घेवचा लागता."

"झाला तर. नुसत्या हाकेक ओ कोणी देवची, इतक्याच माका ठरवचा आसता. बाकी सगळ्यांची घरां येगळी."

पायथन म्हणजे अजगर, हे कोणीतरी काकींच्या कानावर घातलं. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. काकी भर दुपारीही जनावरच म्हणू लागल्या. काका कुठे आहेत विचारलं की उत्तर येई, "जनावरांका बघतत." आणि मग आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने, "एक आसता तर चलता. तीन कित्याक?"

हाच प्रश्न संचातली मंडळीही विचारत. सगळ्यात जुनी आवृत्ती काढून टाकावी, असा विषय ईमेलवर दर वर्षी निघे. ते इंग्रजीत रीतसर कारणं लिहीत आणि शेवटी सवयीने रोमन लिपीत एकच शब्द टाकत. तोच. पोलंडमधल्या एका बाईंना तो काहीतरी तांत्रिक शब्द वाटला. त्यांनी दुसऱ्याच एका प्रोग्रॅमबद्दल विचारलं, हाही आसांदे आहे का? ते वाचून काका हसत हसत गडग्यापाशी आले. त्यांनी बाईंची चूक दुरुस्त केली नाही. पुढे संचाच्या यादीत त्या नावाचा एक रकानाच झाला: जुनं, तरीही ठेवायचं. "कट्ट्याचो शब्द पोलंडाक पोचलो," ते म्हणाले, "बोटीत न बसता."

जुनी आवृत्ती अजून वापरतं कोण, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. एक वाचनालय.

ते वाचनालय आमचं. तिथल्या कॉम्प्युटरवर काकांनी तोच संच बसवून दिला होता. पुस्तकं शोधण्याचा आमचा प्रोग्रॅम हायस्कूलच्या एका गणिताच्या मास्तरांनी लिहिलेला होता, आणि ते बदली होऊन वैभववाडीला गेले होते. जुनी कार्डं वाळवीने खाल्ली. नऊ हजार पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत हे आता फक्त त्या प्रोग्रॅमला माहीत होतं, आणि तो फक्त त्या जुन्या आवृत्तीवर चाले. संचातून ती निघाली की पुढेमागे आमचं वाचनालय मुकं होणार होतं.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात त्यांची छाती बिघडली. गोव्याला तपासण्या झाल्या. परत आल्यावर ते गडग्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या मागे ह्या जुन्याक कोण बघूचो नाय. तुझो प्रोग्रॅम नव्या घरात न्हेवया."

मला भीती वाटली, प्रोग्रॅमची नव्हे. मी त्यांचाच शब्द वापरला. "आसांदे ना काका."

त्यांची बोटं उचलली गेली नाहीत. "आसांदे म्हणणारो आधी आसाक होयो, बाय."

चतुर्थी झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी सुरुवात केली. त्यांना अर्ध्या तासाहून जास्त बसवत नसे. जुनं नव्यात बदलून देणारं एक साधन होतं. त्याने बरंचसं काम केलं. पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा मी एका प्रवासवर्णनाचं नाव घातलं. उत्तर आलं, कपाट साडेतीन.

ते इतके हसले की खोकल्याने बेजार झाले. काकी पाणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे रागाने पाहून गेल्या. मग काकांनी समजावलं. पुस्तकाच्या दाखल क्रमांकाला भागून प्रोग्रॅम कपाट काढी. जुनी आवृत्ती भागाकारातला अपूर्णांक सोडून देई. नवी तो जपून ठेवत होती. "नवो हुशार आसा," ते म्हणाले, "पण तेणा कपाट बघूक नाय." भागाकाराच्या एका तिरक्या रेघेऐवजी दोन द्यायच्या, एवढाच इलाज. अशा सतरा जागा निघाल्या. प्रत्येक त्यांनी मला शोधायला लावली आणि प्रत्येक रेघ मला मारायला लावली. स्वतः हात लावला नाही. आता वाटतं, त्यांना प्रोग्रॅम हलवायचा नव्हता, मला शिकवायचं होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी प्रवासवर्णन तिसऱ्या कपाटात सापडलं. मी गडग्यापलीकडे वाचनालयात जाऊन पाहिलं, पुस्तक तिथेच होतं. त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने जुनी आवृत्ती संचातून काढली. अशा वेळी बदलाची नोंद लिहावी लागते. त्यांनी एकच शब्द लिहिला, रोमन लिपीत: जावंदे.

माघात ते गेले.

महिन्याभराने पोलंडच्या बाईंचं पत्र मला आलं. उरलेल्या दोन आवृत्त्या आता त्या सांभाळत होत्या, आणि माझा पत्ता काकांनीच त्यांना देऊन ठेवला होता. आसांदे आम्हाला कळतं, त्यांनी लिहिलं होतं, पण हे दुसरं काय? नवा रकाना करायचा आहे का? उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. मी लिहिलं: जाऊ दे, असा अर्थ आहे. आम्ही राग सोडताना म्हणतो, आणि धरलेला हात सोडतानाही. याचा रकाना करू नका.

त्या दुपारी काकी वाचनालयात आल्या. यापूर्वी त्या कधी आल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विचारलं, "जनावरां आता कोण बघता?"

"दोन पोलंडाक गेली. थंयची एक बाई बघता."

"आणि तिसरा?"

मी टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हात केला. प्रत्येक अपडेटच्या वेळी तो मला विचारतो, ही जुनी आवृत्ती आता कोणालाच लागत नाही, काढून टाकू? प्रत्येक वेळी मी नाही म्हणते. हे मी काकींना सांगितलं.

त्यांनी पदर सावरून, वाकून कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"चावत नाय मा?"

"नाय."

"मगे आसांदे," काकी म्हणाल्या.