न उघडलेला कल्ला

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी मासे घेऊन शहरात निघाले. जायकवाडीच्या पाण्यातले रोहू आमच्या घरचे पुरुष पहाटे काढतात आणि सासूबाई ते थर्मोकोलच्या डब्यात, बर्फात घालून बाजारात नेतात. डब्याच्या बुडाला बोटभर भोक असतं. निघताना त्यांनी दहादा बजावलं, "पाणी गळू दे. मासा पाण्यातला खरा, पण मेल्यावर त्याला पाणी सोसत नाय." मला रागच आला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मी काय कुक्कुलं बाळ होते?

काळी-पिवळी जीप चितेगावला कंपन्यांच्या बसमागं अडकली. डब्यातलं पाणी सीटखाली ओघळायला लागलं. ड्रायव्हर वळून म्हणाला, "वहिनी, गाडीला वास यायलाय. बंद करा ते पाणी, नाय तर उतरा." मागच्या दोन पोरी नाकाला ओढणी लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चिंधीचा बोळा करून भोक बुजवलं. जीप हलेना. बोळा काढावा असं सारखं वाटत होतं, हात डब्याखाली जायचा, आणि त्या पोरींकडे बघून मी तो परत घ्यायचे.

बाजारात झाकण उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं आणि मासे त्यात भिजत पडलेले. ताज्या माशाचे लालभडक असतात ते कल्ले फिकट पडले होते. पोटावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. गिऱ्हाइकानं मागायच्या आधी आपणच कल्ला उघडून दाखवायचा, ही सासूबाईंची पद्धत. त्या दिवशी मी हात मांडीवरच ठेवले. लोक स्वतः उघडून बघत आणि पुढं जात. रिकामा डबा घरी न्यायचाच, या हट्टानं मी जागची हलले नाही.

मग सगळा बाजार जिला खाला म्हणतो ती म्हातारी आली. वीस वर्षं दर शुक्रवारी ती सासूबाईंकडूनच मासे घेते. "आज लडकेवाले आ रहे नातीला बघायला," ती म्हणाली, "सबसे बडा दे." मासा तिनं पाहिलाही नाही. "सास का माल है, त्यात काय बघायचं?" तिनं नको नको म्हटलं तरी सासूबाई तिलाही कल्ला दाखवायच्या. मी दाखवला नाही. मोठा रोहू पिशवीत घालून ती गेली. गुडघ्यांमुळे ती हळूहळू चालते. हाक मारायला भरपूर वेळ होता. मी मारली नाही.

सासूबाई आता पुन्हा बाजारात बसतात, मी शेजारी. खाला त्यानंतर आली नाही. भांडायलासुद्धा आली नाही. येऊन चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर मला सुखाची झोप लागली असती. दर शुक्रवारी सासूबाई तिच्यासाठी एक रोहू बर्फात दाबून ठेवतात आणि दुपारपर्यंत रस्त्याकडे बघतात.

"आजारी-बिजारी नसंल ना गं?"

"गावाला गेली असंल," मी म्हणते.

दुपार टळली की तो मासा घरी येतो. कालवण मीच करते. सासूबाई डोक्याचा तुकडा माझ्या ताटात वाढतात आणि म्हणतात, "खा. माझ्या माघारी एकटीनं बाजार सांभाळला तू."