राणी रंगाची डोकी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही फार वर्षं झाली. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही आंधळगावचे, कोसा रेशमाच्या साड्या विणणारे. भंडाऱ्याचे सेठजी सूत आणि रंग द्यायचे, आम्ही साडी विणून द्यायची आणि मजुरी घ्यायची. सुताची धुलाई आणि रंगाई माझ्याकडे, माग माझ्या नवऱ्याकडे. एक ताणा, म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत, विणून झाला की सेठजी दुसरा देतील की नाही, याची धाकधूक आम्हाला नेहमीची. गावातले कितीतरी माग असेच एकेक करून थांबले होते. कुणाच्या मागावर कोंबड्या बसायच्या, कुणी त्याची लाकडं चुलीत घातली.

मुलगे दोन. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या साली थोरला जन्मला, धाकटा त्याच्या पाठचा. मिसरूड फुटायच्या वयात आले तशी त्यांना केसांशिवाय दुसरं काही सुचेना. थोरल्याने कानांवरचं सगळं भादरून घेतलं आणि टाळूवर तेवढी धानाच्या पऱ्ह्याची, रोपांची असते तशी, जुडी ठेवली. धाकट्याने एका डोळ्यावर केस सोडले. जेवताना ते वरणात जायचे. त्यांचे बाबा म्हणायचे, "एका डोळ्यानं पाहून राहिला का बे? मंग चष्म्याले अर्धेच पैसे लागतीन तुले." पोरगा मान झटकून केस मागे टाकायचा, ते परत तिथेच यायचे. मला हसू यायचं. एवढंच तर होतं पोरांकडे, असं वाटायचं. माग त्यांना नको होता. "माय, मागावर कोन बसते आता?" असं थोरला म्हणाला होता. मलाही ते ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी शहापूरला माझ्या भाच्याचं लग्न होतं. त्याच सुमारास सेठजींनी एक मोठं काम दिलं. एका घरच्या लग्नातल्या मानाच्या साड्या, सगळ्यांचे काठ एकाच राणी रंगाचे. सेठजी बजावून म्हणाले होते, "रंगात जराही फरक आला तर त्या घरचे माल उचलणार नाहीत." अर्धं सूत मी रंगवून वाळवलं होतं. अर्धं राहिलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघं एका मौतीला गेलो आणि पोरं घरी राहिली.

संध्याकाळी परत आलो तर अंगणात दोन डोकी, दोन्ही राणी रंगाची. थोरल्याची जुडी लखलखीत, धाकट्याची मात्र ठिगळाठिगळाची, कपाळावरही रंग, कानाची पाळीही रंगलेली.

नवरा सायकल धरून तसाच उभा राहिला. "लाल तोंडाचं माकड पाहिलं होतं मी. रानी डोक्याचं आजच पाहून राहिलो."

"बाबा, शहरात याचे हजार रुपये घेतात," थोरला म्हणाला.

"आन् तुह्या डोक्याची किंमत किती, हे पन इचारलं असतं."

मी पदर तोंडात धरून हसत होते. मौतीवरून आलेली बाई, अजून पाय धुतले नव्हते, आणि हसू आवरत नव्हतं. धाकटा म्हणाला, "माय, काहून हासून राहिली? तुह्यासारखंच केलं आमी. आंधी औषध लावून पांढरं केलं, मंग रंग गरम पान्यात." काळ्या केसांवर रंग दिसत नाही, आधी त्यांचा काळेपणा काढावा लागतो, हे त्यांनी माझ्याकडे बघूनच उचललं होतं. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला हाक मारली तर दोघंही गायब व्हायची, आणि माझी रंगाई मात्र अशी पाठ! कोसा काय आणि केस काय, रंग दोघांनाही धरतो. मला तर क्षणभर कौतुकच वाटलं.

"रंग किती घेतला?" मी विचारलं.

"चिमूटभर."

रंगाची पुडी पाहिली, खरंच फार गेला नव्हता. मी निश्चिंत झाले. सूत पांढरं करायच्या औषधाचा डबा भरलेला दिसला, म्हणून तो उघडूनही बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं सूत धुतलं, रंगात घातलं. ओलं असताना काही कळलं नाही. सावलीत वाळलं आणि पहिल्या लडीशेजारी धरलं, तर फरक डोळ्यांत भरला. पहिली लडी राणी, ही विटकरीकडे झुकलेली. सूत पुरतं पांढरं झालंच नव्हतं. मी डब्याचा वास घेतला. वासच नव्हता.

"पानी टाकलं का रे यात?"

धाकटा म्हणाला, "सरलं होतं माय. तू मारशीन म्हनून."

मी मारलं नाही. मारून सूत पांढरं होणार नव्हतं. एकदा चुकीचं रंगलेलं सूत परत दुरुस्त होत नाही, आणि सेठजींचं सूत आमचं नव्हे. त्या रात्री नवरा एवढंच म्हणाला, "आता ताना नाई देत ते."

रंगाई माझी, म्हणून भंडाऱ्याला मीही गेले. पेढीवर सेठजी गादीवर बसलेले, समोर दोन गिऱ्हाइकं. त्यांनी दोन्ही लड्या उजेडात धरल्या.

"हे कसं झालं?"

नवरा बोलेना. बापाच्या तोंडातून ते निघतच नव्हतं. मग मीच बोलले. जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषांसमोर बोलले, आणि काय बोलले, तर "पोट्ट्यांनी डोक्याले लावलं जी."

 मग सेठजी हसले, गिऱ्हाइकं हसली, हसता हसता सेठजींना ठसका लागला. "पोरंच घेऊन या बाई, पदर जोडून त्यांनाच विकतो." मी जमिनीकडे बघत होते. घरी त्याच गोष्टीला मी हसले होते, तिथे मात्र जमीन फाटली तर बरं असं वाटलं. हसून झाल्यावर त्यांनी नवं सूत दिलं. वाया गेलेल्या सुताचे पैसे दर साडीमागे मजुरीतून कापून घेऊ म्हणाले. ताणा मिळाला, या आनंदात आम्ही कपातीचं दुःखही मानलं नाही.

भाच्याच्या लग्नाला पोरं तशीच आली. शहापुरात लहान मुलं त्यांच्या मागे धावली. शाळेतून दोघांना परत पाठवलं, तेव्हा न्हाव्याने गुळगुळीत केलं. दोन डोकी उन्हात पातेल्यासारखी चमकायची. मला वाटलं, आता शहाणी होतील. केस बोटभर वाढले, आणि थोरल्याने दोन्ही कानांवर वस्तऱ्याने नागमोडी रेघा काढून आणल्या. मी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही.

पुढे साडीमागून साडी गेली. मजुरी कापून हाती येई ती तेल-मिठाला पुरायची नाही. तरी दर वेळी सेठजी पुढचा ताणा देत होते. दुसऱ्यांचे ताणे बंद झाले, आमचा चालू होता. नवरा म्हणायचा, "आपलं काम पसंत आहे त्यायले." मीही तेच धरून चालले होते. थोरल्याने शाळा सोडली आणि वरठीच्या कारखान्यात हेल्परच्या कामाला जाऊ लागला. सकाळी डबा घेण्याआधी आरशासमोर उभा राहून केसांना पाणी लावायचा, आणि वर हेल्मेट चढवायचा. मी बघत राहायची. त्या केसांना दिवसभरात कोण बघत असेल?

शेवटची साडी घेऊन नवरा गेला त्या दिवशी दुपारीच परत आला. सायकलच्या मागे सुताचं गाठोडं नव्हतं. हातपाय धुऊन ओसरीवर बसला.

"ताना?" मी विचारलं.

"मालाले उठाव नाई म्हनते. कधीचाच बंद करनार होते." पंचाने तोंड पुसत पुढे म्हणाला, "त्या वाया गेलेल्या सुताचे पैसे निघाले पाह्यजे म्हनून आपल्याले देऊन राहिले होते."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. आत मागावर कापड नव्हतं, नुसती दांडी दिसत होती. धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. डोळ्यावर पुन्हा वाढवलेले केस त्याने आज मागे सारले होते.

"मंग आपल्याकडे किती राहिले, बाबा?"

"काईच नाई," नवरा म्हणाला. "सगळे फिटले."