वन्संचा बोकड

आख्ख्या बीड जिल्ह्यात लाज नावाची वस्तू जिच्या आसपास कधी फिरकली नाही अशी बाई मी एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. लग्न होऊन मी तेलगावजवळच्या या गावात आले तेव्हा वन्सं बीडच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होत्या आणि संशोधन करत होत्या. कसलं, ते मी पहिल्याच सणाला भर पंगतीत विचारून बसले. "पुरुषाचं इंद्रिय ताठ कसं होतं आणि कधीकधी का होत न्हाई, त्याचं," वन्सं म्हणाल्या, आणि त्याच दमात, "वरण वाढा की वहिनी." सासऱ्यांना ठसका लागला. चुलत सासरे पाणी प्यायला म्हणून उठले ते थेट मळ्यात गेले.

हे संशोधन बोकडाच्या त्या अवयवावर चालायचं, म्हणून घरच्यांनी गावाला 'ती शेळ्यांच्या औषधाचं बघती' असं सांगून ठेवलं होतं. त्याचा परिणाम असा, की वन्सं सुट्टीला आल्या की दारात पोट फुगलेल्या शेळ्यांची रांग लागायची. बीडच्या बाजारातले खाटीकचाचा मात्र सगळं जाणून होते. वन्सं स्टीलचा डबा पुढे करून बोकडाचा नेमका भाग सांगायच्या, खड्या आवाजात, गिऱ्हाइकांच्या देखत. चाचा मान खाली घालून म्हणायचे, "पूरा शहर कलेजी मांगता मॅडम, तुमीच एक ये मांगते." पण सगळ्यात ताजा माल ते वन्संसाठीच काढून ठेवायचे.

डब्यात बर्फ लागायचा आणि तो आमचे हे पुरवायचे. हे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दर आठवड्याला शीतकेंद्रातला बर्फ पोत्यात गुंडाळून, जीपमध्ये घालून स्वतः बीडला पोचवायचे. बहिणीला एक शब्द विचारायचे नाहीत. बर्फ ठेवायचा, चहा घ्यायचा, परत फिरायचं.

मग दुष्काळ पडला. कॉलेजात पाणी टँकरनं येऊ लागलं, तेव्हा वन्सं प्रयोगासाठी पाणी शुद्ध करताना यंत्रातून वाहून जाणारं पाणी बादल्यांत धरून मुलींच्या वसतिगृहात स्वतः नेऊन द्यायला लागल्या. इकडे दूध आटलं आणि सोसायटीनं चारा छावणी उघडली. हे दिवसभर छावणीवर असायचे, जेवताना बोलायचे नाहीत. हळूहळू त्यांनी आपली बाज अंगणात टाकली. उकाडा म्हणाले. उकाडा मलाही कळत होता, आणि उशाखाली सापडलेल्या, हमरस्त्याकडच्या वैदूच्या तंबूतल्या पुड्याही कळत होत्या.

कुणाला सांगणार? शेवटी वन्संना फोन केला. "हे अंगणात झोपतात, आणि कसल्यातरी पुड्या खातात," एवढंच म्हटलं. भर पंगतीत न अडखळलेली ती बाई इथं मात्र अडखळली. भाऊ होता ना! मग म्हणाल्या, "बर्फ द्यायला येईल तवा तुमीबी या."

आम्ही गेलो. वन्संनी, एरवी कधी नाही ते, ह्यांना आत नेऊन प्रयोगापुढे स्टुलावर बसवलं. काचेच्या नळीत कोमट खारं पाणी होतं, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सुटत होते आणि मधोमध दोऱ्याला बांधलेली मांसाची इवलीशी पट्टी लोंबत होती. बोकड केव्हाच गेला होता; पट्टी अजून जिवंत होती. तिला जोडलेल्या काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढत होतं. वन्संनी औषध सोडलं, तशी रेघ चढली.

"आता ही आवळली." दुसरं औषध सोडलं. रेघ सावकाश खाली आली. "आता सैल पडली. सैल पडली की रक्त आत शिरतं दादा, तवाच बोकड ताठतो."

"सैल पडल्यावर ताठतो?" हे पुढे झुकले.

"व्हय."

ह्यांनी रेघेवरची नजर काढली नाही. "आन् बोकडाला काळजी लागली असंल तर? चारा न्हाई, पाणी न्हाई, आख्खी छावणी त्याच्याच तोंडाकडं बघायली..."

"तर आवळूनच ऱ्हातो बिचारा. पण काळजीच असंल असं न्हाई. त्या नसा लई बारीक असत्यात. कधीकधी खराबी तिथं आधी कळती, छातीत मागनं. असल्या बोकडानं तंबूतली पुडी खाऊ नये. शुगर तपासावी, ईसीजी काढावा."

"बोकडाचा?"

"बोकडाचा," वन्सं म्हणाल्या. "एकच हाय आपल्याकडं."

"बरं. नेतो त्याला," हे म्हणाले.

शुगर वाढलेली निघाली. हृदयाची एक मोठी नस बुजत आली होती. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी मान डोलावली; कुणामुळे, ते काही सांगितलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर पथ्य, गोळ्या, फिरणं सुरू झालं, आणि थंडी पडायच्या आत बाज अंगणातून घरात आली. याहून जास्त मी सांगणार नाही. वन्संनी सांगितलं असतं.

भाऊबीजेला वन्सं आल्या. त्या साली डोंगरातली सीताफळं बारकी धरली होती. ह्यांनी त्यातलं बरंसं एक निवडून उकललं, मोठी फोड बहिणीच्या हातात दिली आणि छावणीवर निघून गेले. ओसरीत आम्ही दोघीच उरलो. मी धीर करून विचारलं, "वन्सं, जगाच्या संसाराचं एवढं बघता. तुमच्यासाठी कुणी नव्हतंच का कधी?"

"व्हता की एक," त्या बी काढत म्हणाल्या. "मी काय करते ते त्याला लई आवडायचं. बसून ऐकायचा. पर तेच आपल्या आईला सांगायचं धाडस झालं न्हाई त्याला."

मग सीताफळ संपवलं, बिया पदरात गोळा केल्या आणि उरलेलं ऊन होतं तिथं सरकून बसल्या. मीही माझा पाट घेऊन त्यांच्याजवळ सरकले.